दोरावर बसायला शिकताना

फेब्रुवारी २०२२ मध्ये माझे पती हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांनी शिवाजी उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्याचे शटर नेहमीप्रमाणे वर केले होते, आणि अकराच्या सुमारास मिस्त्रींचा फोन आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. ते पॅटर्नमेकर होते. वितळलेले लोखंड ज्या वाळूच्या पोकळीत ओततात, ती पोकळी उमटवण्यासाठी आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करावी लागते; तिला पॅटर्न म्हणतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना असे पॅटर्न करून देणाऱ्या लहान कारखान्यांपैकी आमचा एक. एक मिस्त्री, दोन कामगार, एक करवत यंत्र, एक लेथ आणि माळ्यावर रचून ठेवलेले सागवानी पॅटर्न, एवढाच त्याचा पसारा. लग्नाला तेवीस वर्षे झाली होती, तरी खंडेनवमीच्या पूजेखेरीज मी तिथे फारशी गेले नव्हते.

नवऱ्याच्या जाण्याचे दुःख मोठे असतेच, पण त्याबरोबर कामांचा जो डोंगर अंगावर येतो त्याची कल्पना मला नव्हती. एकट्या मालकाच्या नावाची जीएसटी नोंदणी मालकाबरोबरच संपते आणि वारसाला नवीन काढावी लागते. विजेचे बिल, बँकेतले खाते, जागेचा भाडेकरार, कामगारांचा पगार, फाउंड्रीवाल्यांकडची येणी, सागवानाच्या व्यापाऱ्याची देणी, हे सगळे एका माणसाच्या डोक्यात होते आणि ते डोकेच गेले होते. एका कार्यालयात कागदावर नावातले एक अक्षर चुकले म्हणून मला चार खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या खेपेला मी जिन्यात बसून राहिले आणि अर्ध्या तासाने उठून घरी आले.

मला रडू फार आले नाही. त्याऐवजी मी स्वतःला आवळत गेले. रात्री तीनला जाग यायची तेव्हा दोन्ही मुठी वळलेल्या असायच्या आणि जबडा दुखत असायचा. भेटायला येणारे प्रत्येक जण जाताना म्हणायचे, ‘काही लागलं तर सांगा, आम्ही आहोत.’ मी मान डोलवायचे आणि कुणालाही काही सांगायचे नाही. जूनमध्ये मुलगी पुण्याहून आली, तिने माझी अवस्था पाहिली आणि मला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवसांतून एकदा बोलणे सुरू झाले. पुढे मी जे सांगणार आहे ते त्या उपचारांच्या जोडीने घडले, त्यांच्याऐवजी नव्हे. हे आधीच सांगणे मला आवश्यक वाटते.

ऑक्टोबरमध्ये, दसरा होऊन गेल्यावर, शेजारच्या इमारतीतली एक मुलगी कारखान्यात आली. इंजिनिअरिंग संपवून नोकरी करणारी, तेवीस-चोवीस वर्षांची. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरने एव्हरेस्ट सर केले होते, त्यामुळे शहरातल्या मुलींना डोंगर नवा राहिला नव्हता. ही मात्र हिमालयापेक्षा सह्याद्रीच्या कातळात रमणारी होती. तिच्या गटातल्या मुलांनी एका ओळखीच्या माणसाच्या गोदामात बारा फुटांची प्लायवूडची भिंत उभी केली होती आणि तिच्यावर बसवायला त्यांना लाकडी होल्ड हवे होते. होल्ड म्हणजे चढताना हाताने धरायची किंवा पायाखाली घ्यायची पकड. बाजारात ते रेझिनचे मिळतात, पण महाग पडतात. ‘तुमच्याकडं लाकूड गोल करून मिळतंय ना, काकी?’ तिने विचारले. ह्यांच्यानंतर मी स्वतः घेतलेले ते पहिले काम. चोवीस होल्ड, प्रत्येकाचा आकार वेगळा, मधोमध बोल्टसाठी भोक.

मिस्त्रींनी ते मन लावून केले. पॅटर्न करताना जसे कोपरे गोल करतात, तसेच त्यांनी याचेही केले, कारण धारदार कड बोटाला कापते हे त्यांना सांगावे लागले नाही. शनिवारी संध्याकाळी पोती भरून मी ते गोदामात पोहोचवायला गेले. मुलांनी स्पॅनर घेऊन होल्ड बसवले आणि मग ती मुलगी मला म्हणाली, ‘तुमच्याच कारखान्यातलं हाय, तुम्हीच पहिलं धरून बघा की.’ मी पदर खोचला, चपला काढल्या आणि धरून पाहिले.

चार मिनिटांत माझे हात लाकडासारखे झाले. कोपरापासून मनगटापर्यंतचा स्नायू फुगून टणक होतो, बोटे उघडत नाहीत आणि मिटतही नाहीत. चढणारे याला ‘पंप होणे’ म्हणतात. त्या गटाला शिकवणारे एक सर होते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून त्यांनी बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स असे दोन्ही अभ्यासक्रम केलेले होते. ते भिंतीला टेकून पाहत उभे होते. ‘ताई, तुम्ही होल्डचा गळा दाबताय,’ ते म्हणाले. ‘पडू नये म्हणून जितकं लागतं तितकंच धरायचं. हात सरळ सोडा, वजन पायांवर द्या.’

हा एक नियम अंगी बाणायला मला तीन महिने लागले. माणसाला वाटते की चढण्याचे काम हातांचे आहे, म्हणून तो हात वाकवून स्वतःला वर ओढत राहतो आणि दमतो. हात सरळ ठेवले तर शरीर हाडांवर लटकते, स्नायू थोडे सैल राहतात. वर ढकलण्याचे काम पायांचे, आणि मांड्यांमध्ये हातांच्या मानाने कितीतरी जास्त बळ असते. पायाचा तळवा सपाट टेकवायचा नाही; अंगठ्याच्या आतल्या कडेवर उभे राहायचे, कारण तसे उभे राहिले म्हणजे टाच वळवता येते आणि कंबर भिंतीजवळ नेता येते. एका वेळी दोन हात आणि दोन पाय यांपैकी एकच हलवायचा, बाकीचे तीन टेकलेले. मधे सोयीची जागा आली की एक हात खाली सोडून झटकायचा, रक्त फिरू द्यायचे, मग दुसरा. मी हे सारे पाठ केले होते, तरी भीती वाटली की बोटे आपोआप आवळली जायची. पण एक बदल मला आठवडाभरातच जाणवला. आपण आवळतो आहोत हे आता मला कळू लागले होते. रात्री तीनला जाग आली की मी आधी मुठी उघडायचे, मग जबडा. झोप प्रत्येक वेळी लागायची असे नाही.

डिसेंबरमध्ये मला खऱ्या कातळावर नेले. कोल्हापूरपासून पन्हाळा सुमारे २० किलोमीटर. त्या बाजूच्या डोंगरांत मुलांची सरावाची एक जागा आहे, चाळीसेक फूट उंचीचा बेसॉल्टचा टप्पा. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे, आणि सरांनी पहिल्यांदा मला दोन्ही दगडांतला फरक हाताने दाखवला. जांभा सच्छिद्र, खरबरीत, धरायला सोपा वाटतो, पण कधी हातात येईल याचा नेम नाही. खालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा. दोन थरांच्या मधे कड राहते, तिथे उभे राहता येते. पण हाही दगड सगळीकडे पक्का नसतो. म्हणून वजन टाकण्याआधी मुठीने ठोकून पाहायचे. भरीव आवाज आला तर धरायचे, पोकळ आला तर सोडून द्यायचे आणि खालच्याला ओरडून सांगायचे. निघताना अत्तर, सुगंधी तेल, पावडर काही लावायचे नाही, कारण सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात आणि त्यांच्याइतके भय दोर तुटण्याचेही नसते. पावसाळ्यात कातळ शेवाळतो, एप्रिल-मेमध्ये हात टेकवत नाही इतका तापतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च हाच आमचा हंगाम.

त्या दिवशी मी कमरेला हार्नेस, म्हणजे दोर जोडायचा पट्टा, बांधला, सलवार-कमीजवर बांधला, आणि शेजारच्या मुलीने माझ्याकडून दोराची फिगर ऑफ एट गाठ चार वेळा घालून घेतली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ती दिसते. एकदा आठ काढायचा, टोक हार्नेसमधून ओवायचे आणि त्याच वाटेने उलटे परत यायचे. दोन दोर सगळीकडे शेजारी-शेजारी चालले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. माझे झाल्यावर तिने ती तपासली आणि मग मला तिचे तपासायला लावले: तिचे बक्कल, तिचे बीलेचे, म्हणजे दुसऱ्याचा दोर धरायचे, उपकरण, ते अडकवायच्या कडीचा, कॅराबिनरचा, स्क्रू फिरवून बंद आहे की नाही. तिचे हे कौशल्य मी तपासायचे याचे मला नवल वाटले. ती म्हणाली, ‘कुणी कितीबी जुना असूदे, तपासल्याबिगर जमीन सोडायची नाही.’

दोर आधीच माथ्यावरच्या पक्क्या आधारातून ओवलेला होता; त्याचे एक टोक माझ्या हार्नेसला आणि दुसरी बाजू खाली तिच्या हातात होती. तसे चढले की पडणारा फार तर एक-दोन फूट खाली जातो, दोर ताणला जातो आणि थांबतो. मी चढले. कशी चढले ते मला फारसे आठवत नाही, पंचवीस मिनिटे लागली एवढे आठवते. जे आठवते ते वर पोहोचल्यावरचे. खाली यायचे तर कातळ सोडून मागे रेलायचे, दोन्ही पाय भिंतीला लावायचे आणि खुर्चीत बसावे तसे दोरावर बसायचे. मग खालचा माणूस हळूहळू दोर सोडत आपल्याला उतरवतो. मला ते करता येईना. चाळीस फूट चढून आलेली मी त्या शेवटच्या कडेला दोन्ही हातांनी चिकटून राहिले. पाय थरथरू लागले. सर काही बोलले नाहीत. खालून मुलीचा आवाज आला, ‘काकी, मी धरलोय. बसा की.’ आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, ‘मी आलो, मी गेलो’. ‘मी धरलोय’ हे शब्द ऐकताना मला आधी दहा महिन्यांत ऐकलेले ‘आम्ही आहोत’ आठवले आणि माझ्या ध्यानात आले की त्यांतल्या एकाही माणसावर मी तसूभरही भार टाकून पाहिलेला नव्हता. मी डावा हात सोडला. मग बराच वेळ गेला. मग उजवा सोडला आणि मागे बसले. दोर थोडा ताणला गेला, पोटात खड्डा पडला आणि दोर थांबला. मी त्या चाळीस फुटांवर, दोराला टांगलेली, ह्यांच्यानंतर पहिल्यांदा मोकळेपणाने रडले, आणि खालच्या मुलीने मला घाई केली नाही; मी ‘उतरव’ म्हणेपर्यंत तिने मला तसेच धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या दिरांना फोन केला आणि सांगितले की मला त्या कार्यालयात एकटीने जायचे नाही, तुम्ही बरोबर या. ते लगेच आले. काम एका खेपेत झाले असे नाही, दोन लागल्या. पण जिन्यात बसण्याची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात एका फाउंड्रीच्या मालकांना मी स्पष्ट सांगितले की लाकूड आणायला पैसे नाहीत, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागेल. ह्यांनी असे कधी मागितले नव्हते. त्यांनी दिली.

ठोकून पाहण्याचाही उपयोग झाला. कारखाना विकून टाका, असे सांगणारे बरेच होते आणि त्यांतले काही खरोखर माझ्या काळजीपोटी सांगत होते. एक गिऱ्हाईक तर यंत्रांसकट सगळे घ्यायला तयार होते. त्या गिऱ्हाइकाच्या बोलण्यात मला पोकळ आवाज आला, म्हणून मी मिस्त्रींना माळ्यावरच्या पॅटर्नची यादी करायला बसवले. लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, त्यामुळे पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा तेवढा मोठा करतात आणि त्यासाठी वेगळी मोजपट्टी असते, हे मला त्या यादीच्या वेळी समजले. जुने पॅटर्न पुन्हा पुन्हा वापरले जातात, त्यांची दुरुस्ती हाच आमचा कायमचा धंदा आहे, आणि त्या गिऱ्हाइकाच्या भावात त्यांची किंमत मुळात धरलेलीच नव्हती. मी विकला नाही. हा निर्णय कातळाने घेतला असे मी म्हणणार नाही. पण घाईत हो म्हणायचे नाही, आधी वजन टाकण्याजोगे आहे का ते पाहायचे, एवढी सवय तोपर्यंत हाताला लागलेली होती.

सासूबाईंना मी दोन महिने काही सांगितले नव्हते. सांगितले तेव्हा त्या पलंगावर बसून वाती वळत होत्या. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, वर्षश्राद्धही व्हायच्या आत, सून कड्यावर चढते आहे, हे त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, ‘दोर कोण धरतंय तुझा?’ मी शेजारच्या मुलीचे नाव सांगितले. ‘मग तिला नीट जेवायला घालत जा,’ त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाती वळू लागल्या. तेव्हापासून दर रविवारी डब्यात दोन भाकऱ्या जास्त असतात.

हे सारे चढत्या क्रमाने झाले नाही. फेब्रुवारीत वर्षश्राद्ध झाले आणि त्यानंतरच्या रविवारी मी कातळाशी उभी राहिले तर गाठ घालता येईना. शंभर वेळा घातलेली गाठ. दोर हातात होता आणि आठ कुठून सुरू होतो तेच सुचेना. सरांनी दोर काढून घेतला आणि म्हणाले, आज चढायचे नाही. मी दिवसभर झाडाखाली बसून राहिले. पुढचे दोन रविवार गेलेच नाही, आणि त्या काळात डॉक्टरांनी कमी केलेली गोळी पुन्हा वाढवावी लागली. चढल्याने मन आपोआप बरे होते असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये, हे मी त्या तीन आठवड्यांच्या अनुभवावरून सांगते.

माझी मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिने मला जर्मनीतल्या अर्लांगेनच्या संशोधकांच्या कामाविषयी सांगितले. त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांच्या एका गटाला दहा आठवडे कमी उंचीच्या भिंतीवरचे चढणे आणि मानसोपचार असा एकत्र कार्यक्रम दिला होता, दुसऱ्या गटाने घरी व्यायाम केला, आणि पहिल्या गटातले नैराश्य अधिक कमी झालेले आढळले. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे चढण्याबरोबर थेरपिस्ट होते, चढून झाल्यावर आपल्याला काय झाले याविषयी बोलणे होते. माझ्या बाबतीत ते बोलणे पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे आणि दर रविवारी परतीच्या वाटेवर गाडीत व्हायचे. नुसता दम लागण्याने ते साधले नसते असे माझे मत आहे. चढताना पुढच्या पकडीखेरीज दुसरा विचार करता येत नाही, ही विश्रांती खरी आहे. पण ती उतरेपर्यंतच टिकते.

दुसऱ्या हंगामात सरांनी मला बीले द्यायला शिकवले, म्हणजे दुसऱ्याचा दोर धरायला. चढणारा वर सरकेल तसा सैल पडलेला दोर ओढून घ्यायचा, पण उपकरणाच्या खालचा ब्रेकचा हात दोरावरून कधीही सोडायचा नाही. हात बदलायचा झाला तरी तो सरकवायचा, उचलायचा नाही. नजर वर. मान दुखते, तरी नजर वर. माझ्या हाती पहिला आला तो एकोणीस वर्षांचा मुलगा, माझ्यापेक्षा दहा किलोंनी जड. अर्ध्यात त्याचा पाय निसटला. दोराने मला एक पाऊल पुढे ओढले, टाचा मातीत रुतल्या, आणि तो माझ्या डोक्यावर वीस फुटांवर लोंबकळत हसत होता. माझा उजवा हात दोरावर होता. तो आवळलेला होता आणि तेव्हा तो आवळलेलाच असायला हवा होता. कुठे घट्ट धरायचे आणि कुठे सैल, एवढेच मी या दोन वर्षांत शिकत आले, असे त्या क्षणी मला वाटले. सरांनी लांबूनच अंगठा दाखवला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये गटाने जुना दोर काढून टाकला. वापर नसला तरी दहा वर्षांहून अधिक काळ दोर ठेवू नये असे बनवणारे सांगतात, आणि आमचा तर दर रविवारी कातळाला घासत असे. एका ठिकाणी वरचे वेष्टन विरून आतला पांढरा गाभा दिसू लागला होता. असा दोर टाकताना त्याचे तुकडे करतात, म्हणजे चुकून कुणी पुन्हा त्यावर चढणार नाही. मी त्यातला बारा फुटांचा तुकडा मागून घेतला. मिस्त्रींनी तो कारखान्यात माळ्याच्या तुळईवरून सोडला आहे आणि त्याने आम्ही हलके पॅटर्न वर घेतो. खालच्या टोकाला मी फिगर ऑफ एट घातली आहे. नवीन कामगाराला पहिल्या दिवशी मी तीच गाठ शिकवते, आणि त्याने घातलेली मी तपासते, आणि माझी त्याला तपासायला लावते.